दारी झुलणारे हत्ती

भारतात माणसाच्या ताब्यात सुमारे अडीच हजार हत्ती आहेत. काही वनखात्याच्या छावण्यांत, काही प्राणिसंग्रहालयांत आणि बाकीचे देवस्थाने, मठ, जुन्या संस्थानांचे वारस व खासगी मालक यांच्याकडे. आसाम आणि केरळ या राज्यांत त्यांची संख्या मोठी. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतले अगदी थोडे. तरीही बंदिवान हत्तींच्या स्थलांतराची देशभर गाजलेली तीन प्रकरणे कोल्हापूर-सातारा या एवढ्याशा पट्ट्यात घडली. २०१४ मध्ये जोतिबाच्या देवस्थानातला सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवला गेला, २०१७ मध्ये औंधचा गजराज मथुरेला गेला आणि २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजे गावकऱ्यांची माधुरी, जामनगरच्या वनतारा या एका उद्योगसमूहाच्या प्राणी-केंद्रात गेली.

या सगळ्या वादांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. हत्तीवर गावाची माया आहे, त्याला वेळच्या वेळी खायला मिळते, मग त्याला हलवायचे कशाला? माया खरी असते, यात शंका नाही. पण हत्तीच्या शरीराला आणि मनाला तीन गोष्टी लागतात : चालायला भरपूर मऊ जमीन, आपल्या जातीची सोबत आणि स्वतःच्या मर्जीने वागण्याची मोकळीक. देवळाच्या किंवा वाड्याच्या आवारात जीव टाकून सांभाळ केला तरी या तीन गोष्टी देता येत नाहीत. बंदिवान हत्तींना खास त्यांच्यासाठी राखलेल्या विस्तीर्ण आश्रयस्थानांत हलवावे, ही मागणी या वस्तुस्थितीतून आली आहे.

हत्ती माणसाळतो, पण तो पाळीव प्राणी नाही. गाय, घोडा, कुत्रा यांच्या शेकडो पिढ्या माणसाने आपल्या सोयीचे गुण निवडत वाढवल्या. हत्तीच्या बाबतीत असे कधी झाले नाही. दर पिढीत नवे हत्ती रानातून धरून आणायचे आणि त्यांना वळण लावायचे, हीच रीत राहिली. म्हैसूर संस्थानात काकनकोटेच्या जंगलात खेडा लावून कळपच्या कळप लाकडी कुंपणात हाकले जात. तिथला शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. ईशान्येकडे शिकवलेल्या हत्तिणीच्या पाठीवरून फास टाकून रानातला हत्ती धरत. धरलेल्या पिल्लाला आईपासून तोडायचे, चारी पाय बांधून ठेवायचे, उपाशी ठेवायचे आणि त्याचा प्रतिकार संपेपर्यंत मारायचे, असे ते शिक्षण. पुढे आयुष्यभर नुसता अंकुश दिसला तरी हत्ती ऐकतो, कारण ते पहिले दिवस तो विसरलेला नसतो. चार-पाच टनांचा प्राणी एका माणसाच्या इशाऱ्यावर गुडघे टेकतो, त्यामागे पुष्कळदा ही भीती असते.

रानातला हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास खाण्यात आणि खाणे शोधण्यात घालवतो. दीडशे किलोच्या आसपास चारा त्याला लागतो. त्यात गवत असते, बांबू असतो, झाडांच्या साली, मुळ्या, वेली, फळे असतात. एका जागी हे सारे मिळत नाही, म्हणून तो चालतो. चालता चालता पाणी गाठतो, चिखलात लोळतो, अंगावर माती उडवतो. हत्तीला घाम जवळजवळ येतच नाही. सावली, पाणी, चिखल आणि कानांची उघडझाप यांवरच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. कळप माद्यांचा असतो. आजी, मुली, मावशा, नाती आणि पिल्ले एकत्र राहतात, सगळ्यांत अनुभवी हत्तीण त्यांना वाट दाखवते. मादी जन्मभर या कुटुंबात असते. नर वयात आले की बाहेर पडतात, पण तेही पूर्ण एकलकोंडे नसतात; मोठ्या नरांच्या मागे राहून ते वागण्याच्या रीती शिकतात. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खोल आवाजांत हत्ती दूरवर एकमेकांशी बोलतात. अशा प्राण्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी आणून तीस वर्षे एकट्याला ठेवले, तर त्याचे कुठले नुकसान झाले हे वेगळे सांगायला नको.

शरीराचे नुकसान सगळ्यांत आधी पायांवर दिसते. बाहेरून खांबासारखा वाटणारा हत्तीचा पाय आतून फार नाजूक रचनेचा असतो. हाडांच्या मांडणीत हत्ती जवळजवळ बोटांवर उभा असतो आणि टाचेच्या जागी चरबी व तंतूंची जाड गादी असते. पाय टेकला की ही गादी पसरते, उचलला की आक्रसते. शरीराचा भार तीच झेलते. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला बहुधा चार नखे असतात. नखे आणि तळव्याची कातडी सतत वाढत राहतात, कारण रानात मैलोगणती चालून ती तेवढीच झिजणार हे निसर्गाने गृहीत धरलेले आहे. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर साखळीने बांधलेला हत्ती चालत नाही. मग नखे वेडीवाकडी वाढतात, चिरतात, कडेने मांसात शिरतात. तळव्याला भेगा पडतात. जागा लघवी-शेणाने ओली असली की त्या भेगांतून जंतू आत जातात, गळू होते, पू साचतो आणि उपचार झाले नाहीत तर संसर्ग हाडापर्यंत पोचतो. दुखरा पाय वाचवायला हत्ती दुसऱ्या पायावर भार देतो, तिथले सांधे झिजतात. संधिवात वाढला की तो रात्री आडवा होणेच सोडतो. एकदा बसलो तर उठता येणार नाही हे त्याला कळते. असे हत्ती वर्षानुवर्षे उभ्याने, भिंतीला टेकून डुलक्या घेतात. पायाचे आजार हे बंदिवान हत्तींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

आहाराचेही तसेच. भाविकांच्या हातचे केळे, गूळ, ऊस, पेढे यांनी हत्ती खूश झालेला दिसतो, पण चोथा नसलेल्या गोड खाण्याने त्याचे वजन वाढते आणि पोट बिघडते. त्यातच माणसांच्या सततच्या सहवासाने क्षयरोगाचा धोका असतो. माणसाला होणारा क्षय हत्तीला होतो आणि हत्तीकडून पुन्हा माणसाला होऊ शकतो. गर्दीत सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद देणाऱ्या हत्तीच्या बाबतीत हा मुद्दा दोन्ही बाजूंनी काळजीचा आहे.

मनाचे दुखणे पाहणाऱ्याला बहुधा कळत नाही. दारी हत्ती झुलणे हे आपल्याकडे वैभवाचे लक्षण मानले गेले. साखळीने बांधलेला हत्ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, मान हलवत तासन्‌तास झुलत राहतो आणि येणारे-जाणारे म्हणतात, किती मजेत डोलतोय. कळपासोबत रानात हिंडणारा हत्ती असा झुलत नाही. काही करायला नाही, कुठे जायला नाही, कोणी सोबत नाही अशा स्थितीत हुशार प्राण्याला जडणारा हा मानसिक विकार आहे. हत्तीची समज किती पुढची आहे, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी नावाच्या आशियाई हत्तिणीच्या कपाळावर खूण करून तिच्यापुढे मोठा आरसा ठेवला, तेव्हा तिने सोंडेने स्वतःच्या कपाळावरची खूण चाचपली. आरशातली हत्तीण म्हणजे आपणच, हे तिला कळले होते. पुढे याच हॅपीला आश्रयस्थानात हलवावे म्हणून खटला उभा राहिला. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला, पण दोन न्यायाधीशांनी तिच्या मोकळिकीच्या बाजूने मत नोंदवले, हेही थोडे नाही.

बंदिवासाचा आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा मोठा अभ्यास २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान १८.९ वर्षे आढळले. म्यानमारच्या लाकूड-छावण्यांतल्या हत्तिणींचे ४१.७ वर्षे. ही तुलना बारकाईने पाहण्यासारखी आहे. म्यानमारचे हत्ती ओंडके ओढत होते, कष्ट करत होते, वैद्यकीय सोयी युरोपइतक्या नव्हत्या. पण काम संपले की त्यांना जंगलात चरायला सोडत आणि तिथे त्यांना एकमेकांची सोबत असे. चांगला गोठा आणि चांगला डॉक्टर यांची उणीव रान आणि सोबत भरून काढू शकतात. उलटे घडत नाही.

मग या हत्तींना सरळ जंगलातच का सोडत नाहीत? बहुतेकांच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. लहानपणी कळपातून तुटलेल्या हत्तीला कोणत्या ऋतूत कुठे पाणी, कोणती वनस्पती खायची, परक्या कळपाशी कसे वागायचे हे कोणी शिकवलेले नसते. माणसाची भीती गेलेली असल्याने तो गावाकडे, पिकाकडे वळतो आणि संघर्ष ओढवतो. क्षयासारखा रोग त्याच्याबरोबर रानात जाऊ शकतो. शिवाय वयस्क, लंगडा, आंधळा हत्ती तिथे टिकणार नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-आधारित गणनेनुसार देशात सुमारे २२,४४६ रानहत्ती आहेत आणि त्यांनाच जागा अपुरी पडते आहे. म्हणून साखळी आणि जंगल यांच्या मधला मार्ग काढावा लागतो.

आश्रयस्थान म्हणजे असा मधला मार्ग. तिथे हत्तीला फिरायला काही एकरांपासून शेकडो एकरांपर्यंत कुंपणातली जमीन असते : झाडे, गवत, डबकी, चढउतार. साखळी नसते. सवारी, खेळ, मिरवणूक, पाहुण्यांनी अंघोळ घालणे, सोंडेजवळ उभे राहून फोटो काढणे यांपैकी काही नसते. पिल्ले जन्माला घातली जात नाहीत, कारण बंदिवासातला आणखी एक जीव वाढवायचा नसतो. चांगल्या केंद्रांत अंकुश वर्ज्य असतो. सेवक गजांच्या आडून काम करतो; हत्तीने आपणहून पाय झरोक्यात ठेवला की त्याला फळ मिळते, नको वाटले तर तो निघून जाऊ शकतो. ‘अभयारण्य’ अशी पाटी लावून पर्यटकांना हत्तींच्या पाठीवर बसवणारी ठिकाणे जगभर आहेत, त्यांची गणना यात करता येणार नाही.

मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे केंद्र २०१० पासून चालते आणि २०१८ मध्ये तिथे हत्तींसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. सर्कशी, लग्नाच्या वराती, भीक मागणे यांतून सोडवलेले हत्ती तिथे येतात. अशा केंद्रातला दिवस पाहिला तर बहुतेक वेळ पायांवरच जातो. कोमट औषधी पाण्याच्या टबात पाय भिजवायचे, मऊ झालेली मेलेली कातडी धारदार सुरीने पातळ थरांत काढायची, नखे लोहाराकडच्यासारख्या मोठ्या कानशीने घासायची, भेगा धुऊन मलम भरायचे. एका पायाला तास लागू शकतो आणि हे महिनोन्‌महिने चालते. आवारात मातीचे उतरते ढीग केलेले असतात. सांधे दुखणारा हत्ती पूर्ण आडवा होत नाही, पण ढिगाला टेकून कलतो आणि तसाच झोपतो. अनेक वर्षे उभ्याने झोपलेल्या हत्तीला मातीवर कललेला पाहणे हे तिथल्या सेवकांना बरे होण्याचे पहिले लक्षण वाटते.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात होहेनवाल्ड इथे १९९५ मध्ये स्थापन झालेले 'द एलिफंट सँक्च्युअरी' हे या प्रकारच्या जुन्या केंद्रांपैकी एक. दोन हजारांहून अधिक एकर जमीन, आणि लोकांना पाहायला मज्जाव. तिथे १९९९ च्या जुलैत शर्ली नावाची हत्तीण आली. सुमात्रातून धरलेली, अनेक वर्षे सर्कशीत काढलेली, दुसऱ्या हत्तीच्या हल्ल्यात मोडलेला पाय वाकडाच जुळलेला, आणि त्यानंतर लुइझियानातल्या एका प्राणिसंग्रहालयात बावीस वर्षे एकटी. त्या संध्याकाळी तिच्या शेजारच्या कप्प्यात जेनी नावाची हत्तीण आली आणि दोघींनी गजांतून सोंडा घालून एकमेकींना हुंगले. मग दोघी एवढ्या उतावीळ झाल्या, की मधले लोखंडी गज वाकले. दरवाजा उघडावा लागला. चौकशी केल्यावर कळले, की वीसहून अधिक वर्षांपूर्वी जेनी पिल्लू असताना दोघी काही काळ एकाच सर्कशीत होत्या. त्यानंतर २००६ मध्ये जेनी वारली तोपर्यंत त्या एकमेकींना सोडून फारशा राहिल्या नाहीत. शर्ली २०२१ पर्यंत जगली. हत्तीला जुने काही आठवत नाही, नव्या जागी तो फक्त बावरतो, असे म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

स्थलांतर हा मात्र खरोखर जोखमीचा भाग आहे. हत्तीला पूर्ण भूल देऊन, आडवा घालून लांब नेता येत नाही. फार वेळ आडवा राहिला तर स्वतःच्याच वजनाने त्याचा श्वास अडतो. त्याने उभ्याने, शुद्धीत प्रवास करायला हवा, आणि त्यासाठी पिंजऱ्याची सवय आधी लावावी लागते. इस्लामाबादच्या मरगझार प्राणिसंग्रहालयातल्या कावनचे उदाहरण यासाठी अभ्यासले जाते. श्रीलंकेने १९८५ मध्ये पाकिस्तानला भेट दिलेला हा नर २०१२ मध्ये सहेली ही जोडीदारीण मेल्यावर एकटाच उरला. लहानशा कोरड्या आवारात तो भिंतीशी उभा राहून मान हलवत राही. उसाच्या खुराकाने अंगाने सुटला होता. मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्याला योग्य जागी हलवण्याचा आदेश दिला. फोर पॉज संस्थेचे पशुवैद्य डॉ. अमीर खलील यांनी पुढचे काही महिने त्याच्याबरोबर काढले. आहार बदलून वजन उतरवले, पिंजरा आवारातच आणून ठेवला, आणि त्यात पाऊल टाकले की फळ, असे करत करत कावनला आपणहून आत जायला शिकवले. ते त्याला गाणी म्हणून दाखवत आणि तो सोंड पुढे करून ऐके. २०२० च्या नोव्हेंबरअखेर मालवाहू विमानाने त्याला कंबोडियात नेले. तिथे पोचल्यावर कुंपणापलीकडच्या हत्तीला त्याने सोंडेने स्पर्श केला. आठ वर्षांत त्याने आपल्या जातीचा प्राणी पाहिलेला नव्हता.

महाराष्ट्रातल्या तीन प्रकरणांत अशी निवांत तयारी दर वेळी झाली असे म्हणता येणार नाही. सुंदर २००७ मध्ये जोतिबाला अर्पण केलेला लहान वयाचा नर. साखळदंडात ठेवलेल्या आणि माहुताच्या काठीचा मार खाणाऱ्या सुंदरची ध्वनिचित्रफीत २०१३ मध्ये बाहेर आली आणि देशभर हळहळ झाली. त्याला हलवण्याचे शासनाचे आदेश आधीच निघाले होते, पण अंमल होत नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि जूनमध्ये सुंदर बन्नेरघट्ट्याला पोचला. तिथे त्याला जंगलाचा भाग मिळाला आणि कळपातले इतर हत्तीही. वय कमी असल्याने तो लवकर सावरला.

गजराजची गोष्ट वेगळी. औंधच्या यमाईच्या यात्रेत पन्नासहून अधिक वर्षे तो लोकांनी पाहिलेला. लांब, देखण्या सुळ्यांचा हा हत्ती गावाच्या तीन पिढ्यांच्या आठवणींत होता. २०१७ मध्ये तो सत्तरीच्या घरात असताना पायांना गळवे झालेली, नखे वाढलेली. मथुरेचे पथक न्यायला आले तेव्हा गाव रस्त्यावर उतरले, माणसे रडली, पोलीस बंदोबस्तात त्याला न्यावे लागले. एवढ्या म्हाताऱ्या जिवाला इतका लांब कशाला न्यायचे, हा गावाचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर असे, की त्याचे दुखणे औंधात बरे होण्यासारखे नव्हते आणि प्रवासाचे काही दिवस सोसून पुढची वर्षे कमी वेदनांची जाणार होती. हा निर्णय वीस वर्षे आधी व्हायला हवा होता.

महादेवी १९९२ पासून नांदणीत. शिरोळ तालुक्यातल्या या गावात मठाची हत्ती बाळगण्याची परंपरा काही शतकांची सांगितली जाते. निवृत्त न्यायमूर्ती दीपक वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने तिला हलवण्याचा निर्णय दिला. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने. तिच्या तपासणीत पायांचा सडका संसर्ग, वाढलेली नखे आणि संधिवात नोंदवलेला होता. माणसाच्या धार्मिक वापराचा हक्क आणि हत्तिणीचा चांगल्या जगण्याचा हक्क यांत टक्कर झाली तर दुसरा श्रेष्ठ, अशी उच्च न्यायालयाची भूमिका होती. निरोपाच्या वेळी गाव ढसाढसा रडले. नंतर नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली, दोन लाखांवर सह्या झाल्या, वनतारा ज्या उद्योगसमूहाचे, त्याच्याच मोबाइल कंपनीची सिमकार्डे लोकांनी बदलून घेतली. ऑगस्टमध्ये वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला : पाण्यातल्या व्यायामासाठी तलाव, मऊ जमीन, वाळूचे ढीग, साखळीविना निवारा.

या संतापाकडे अडाणीपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. महादेवीच्या प्रकृतीचे निदान बरोबर होते आणि तिला हलवण्याचा आदेशही; पण तेहतीस वर्षे तिला चारणाऱ्या गावाला विश्वासात घेऊन, तिच्या पायाचे फोटो दाखवून, वर्षभर आधी समजावून सांगितले गेले नाही. एका उद्योगसमूहाच्या संस्थेकडे इतके प्राणी एकवटावेत का, हा प्रश्नही रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा अहवाल स्वीकारून वनताराला निर्दोष ठरवले. तरीही मूळ उणीव राज्याकडे उरतेच. आजारी बंदिवान हत्तीसाठी महाराष्ट्राला दर वेळी कर्नाटक, उत्तर प्रदेश किंवा गुजरातकडे पाहावे लागले. चालून येण्याच्या अंतरावर केंद्र असते तर गावकऱ्यांना लांबून का होईना आपली हत्तीण पाहता आली असती.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही राज्यातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याची हत्ती-छावणी आहे. एकेकाळी लाकूड वाहण्यासाठी ठेवलेले हे हत्ती आज जंगलात चरतात, तळ्यात डुंबतात, एकमेकांबरोबर राहतात. २०२२ मध्ये त्यांना गुजरातला पाठवण्याचे ठरू लागले तेव्हा स्थानिकांनी कडाडून विरोध केला, आणि तो योग्यच होता. रान, पाणी आणि सोबत जिथे आहे, तिथून हत्तीला उपटायचे कारण नाही. डॉक्टर आणि निधी तिकडे न्यावा.

माहुताचा प्रश्न अनेकदा विसरला जातो. हत्तीच्या बाजूने बोलणारे त्याला मारकुटा ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात तुटपुंज्या पगारावर, विम्याशिवाय, रोज जीव धोक्यात घालून काम करणारा हा माणूस असतो. नर मदात आला की त्याच्याजवळ जाणारा तोच, आणि मरणाराही बहुधा तोच. चांगले केंद्र माहुताला सोबत घेते, नव्या पद्धती शिकवते, पगार देते. ओळखीचा माणूस जवळ असला तर हत्तीलाही नवी जागा कमी परकी वाटते.

कायदा या विषयात अडखळत चालला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि तो बाळगायचा तर मालकीचे प्रमाणपत्र लागते. २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालये व सर्कशींतले हत्ती वनखात्याच्या छावण्या, अभयारण्ये किंवा राष्ट्रीय उद्यानांत हलवण्याचे ठरवले. २०१० मध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी घोषित केले. २०१४ मध्ये जल्लीकट्टूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांना भूक, वेदना, भीती यांपासून मुक्त आणि स्वभावानुसार जगण्याचा हक्क मान्य केला. पण २०२२ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र असलेला हत्ती धार्मिक ‘किंवा अन्य’ कारणासाठी दुसरीकडे देण्याची वाट मोकळी केली आणि २०२४ मध्ये त्याचे नियमही आले. दान किंवा भाडे या नावाखाली होणाऱ्या व्यवहारांना त्यातून आडोसा मिळतो. असा आडोसा राहिला तर एका दाराने हत्ती केंद्रात जातील आणि दुसऱ्या दाराने रानातले पिल्लू धरून आणले जाईल. ही शब्दरचना बदलणे हे केंद्रे उभारण्याइतकेच निकडीचे आहे.

देवस्थानांना पर्याय नाही असेही नाही. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजादप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती स्वीकारला. डोके, कान, डोळे, शेपूट हलणारा हा हत्ती तिथल्या विधींत उभा राहतो. पुढे दक्षिणेतल्या आणखी काही मंदिरांनी तीच वाट धरली.

महाराष्ट्राने आपले केंद्र काढायचे ठरवले तर त्याची गरज फार मोठी नाही, पण तडजोड न करण्याजोगी आहे. बारमाही पाणी, सावली आणि उतार असलेली सलग जमीन हवी; पोटभर हिरवा चारा हवा, ज्यात ऊस अगदी थोडा. पायांची निगा जाणणारा पूर्णवेळ पशुवैद्य आणि क्षयाची तपासणी हवी. माहुतांना शासकीय वेतन हवे. मदात येणाऱ्या नरासाठी वेगळे मजबूत कुंपण हवे, नाहीतर त्याला पुन्हा साखळीच घालावी लागते. आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक हत्तिणीला तिच्या वयाच्या जवळपासची निदान एक दुसरी हत्तीण मिळायला हवी. ती मिळणार नसेल तर तिला जिथे सोबत आहे अशा केंद्रातच पाठवावे, मग ते राज्याबाहेर असले तरी चालेल.